प्रश्न तुमचे : डोळे, मैदान आणि संमतीचा कागद

या खेपेला आलेल्या पत्रांत वैद्यकीय संशोधनाविषयीची पत्रे बरीच होती, आणि त्यांतली बहुतेक डोळ्यांचे आजार किंवा खेळातल्या दुखापती यांच्याशी संबंधित निघाली. त्यांपैकी पाच येथे घेतली आहेत. पत्रे थोडी आटोपशीर केली असून नावे गाळली आहेत. उत्तरे देणारे सीमाभागातील नेत्रतज्ज्ञ असून त्यांनी एका नैतिकता समितीवर, म्हणजेच संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीवर, काम केलेले आहे.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची असून सहावीत शिकते. दोन वर्षांत तिच्या चष्म्याचा नंबर उणे दीडवरून उणे सव्वातीनवर गेला. बेळगावात दाखवले तेव्हा तेथे वाढत्या नंबरासाठी थेंबांच्या औषधाचा अभ्यास चालू असल्याचे समजले. निम्म्या मुलांना औषधाचे थेंब आणि निम्म्यांना साधे थेंब मिळणार, आणि कोणाला काय मिळाले हे तपासणाऱ्या डॉक्टरांनाही ठाऊक नसणार, असे सांगण्यात आले. कागद इंग्रजी व कन्नडमध्ये होता. आमच्या घरी कन्नड बोलता येते, पण वाचता कोणालाच येत नाही. माझ्या मुलीवर प्रयोग होतो आहे का? होकार द्यावा का? आणि साधे थेंब देणे ही फसवणूक नाही का?
— एक पालक, खानापूर तालुका

उत्तर : प्रयोग होतो आहे हे खरे, आणि तो प्रयोग आहे हे तुम्हाला आधीच सांगितले गेले ही त्या डॉक्टरांच्या बाजूने जमेची गोष्ट आहे. उपचार करताना डॉक्टर समोर बसलेल्या एका मुलीचा विचार करून निर्णय घेतात. अभ्यासात मात्र कोणाला काय मिळावे हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरते, कारण तेथे उत्तर पुढच्या सगळ्या मुलांसाठी शोधायचे असते. हे दोन हेतू एकाच खोलीत, एकाच डॉक्टरांच्या तोंडून पुढे येतात आणि पालकांचा गोंधळ होतो. त्यामुळे चिठ्ठी टाकणे केव्हा न्याय्य ठरते, हे समजून घ्यावे लागते. दोन मार्गांपैकी कोणता बरा हे जाणकारांनाही प्रामाणिकपणे ठाऊक नसेल, तरच ते न्याय्य ठरते.

तुमच्या मुलीसाठी सांगितलेले औषध बहुधा कमी तीव्रतेचे ॲट्रोपिन असावे. त्याच्याविषयी बरेच काही आधीच हाती आले आहे. हाँगकाँगमध्ये 4 ते 12 वर्षांच्या 438 मुलांवर झालेल्या अभ्यासात 0.05, 0.025 आणि 0.01 टक्के अशा तीन तीव्रता साध्या थेंबांशी ताडून पाहिल्या गेल्या. एका वर्षात साध्या थेंबांच्या गटात नंबर सरासरी 0.81 ने वाढला, तर 0.05 टक्क्यांच्या गटात 0.27 ने. सर्वांत सौम्य, 0.01 टक्क्याच्या थेंबांनी मात्र फारसा फरक पडला नाही. तेथे वाढ 0.59 इतकी होती. पुढे 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात 0.01 टक्का आणि साधे थेंब यांत दोन वर्षांत लक्षणीय फरकच आढळला नाही. हाँगकाँगच्या संशोधकांनी पहिले वर्ष संपताच साध्या थेंबांच्या गटातील मुलांना 0.05 टक्क्यांचे औषध सुरू केले, ही गोष्ट मला आकड्यांइतकीच महत्त्वाची वाटते. उत्तर मिळाल्यावर त्या मुलांना औषधावाचून ठेवण्याचे कारण उरले नव्हते.

म्हणून थेंबांची तीव्रता किती आणि साधे थेंब किती काळ, हे आधी विचारा. साध्या थेंबांच्या गटात दोन-तीन वर्षे ठेवणार असतील, तर ते का, हेही विचारायला हवे. कमी तीव्रतेचे ॲट्रोपिन आपल्याकडे औषधाच्या दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते, म्हणजे अभ्यासात न जाताही तो मार्ग तुम्हाला मोकळा आहे. ही माहिती माहितीपत्रकात असायलाच हवी. ती नसेल तर पत्रक अपुरे आहे. थेंबांनी ऊन डोळ्यांत खुपते, काही मुलांना जवळचे वाचताना अंधुक दिसते, आणि अधिक तीव्रतेचे थेंब एकदम थांबवले तर नंबर पुन्हा वेगाने वाढू शकतो. तेव्हा अभ्यास संपल्यावर औषध कसे उतरवणार, हा प्रश्नही त्याच बैठकीत विचारून टाकावा.

'साधे थेंब देणे ही फसवणूक नाही का' असे तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे. याला नेत्रवैद्यकाच्या इतिहासातच उत्तर आहे. 1940 च्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना मुबलक प्राणवायू देणे हा उत्तम उपचार मानला जाई. त्याच काळात अशी बाळे आंधळी होऊ लागली. जगभरात सुमारे 10,000 बालकांची दृष्टी गेली असे मानले जाते. प्राणवायू हेच कारण असावे, अशी शंका घेऊन वॉशिंग्टनच्या एका रुग्णालयात काही बाळांना तो कमी देऊन पाहिला गेला, तेव्हा आपण लेकरांना मारतो आहोत या धास्तीने परिचारिका रात्री गुपचूप नळ उघडून प्राणवायू वाढवीत, असे सांगितले जाते. त्यांच्या मायेविषयी शंका घ्यायला जागा नाही, पण दृष्टी त्या मायेनेच जात होती. 1953-54 मध्ये अनेक रुग्णालयांनी मिळून रीतसर तुलना केली, तेव्हा कुठे गोष्ट सिद्ध झाली. त्यानंतर सर्रास प्राणवायू तोडल्याने दगावणाऱ्या बाळांची संख्या वाढली, हा या कथेचा दुसरा आणि कमी सांगितला जाणारा भाग. किती प्राणवायू योग्य यावरचा अमेरिकेतील अभ्यास या शतकातही वादात सापडला; अंधत्व आणि मृत्यू या दोन्ही जोखमी संमतीपत्रात पालकांना पुरेशा स्पष्टपणे सांगितल्या नव्हत्या, असा ठपका तेथील सरकारी कार्यालयाने 2013 मध्ये ठेवला. तुलना करणे चुकीचे नव्हते. सांगण्यात कसूर झाली होती.

आता भाषेविषयी. सीमाभागात भाषेचा प्रश्न निघाला की आवाज चढतात. येथे त्याची गरज नाही. माहितीपत्रक आणि संमतीपत्र सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत असावे, ही संशोधनाच्या नियमांतली अट आहे, आणि तो मराठी मजकूरही नैतिकता समितीने मंजूर केलेला असावा लागतो. शेजारच्या खुर्चीवरच्या कंपाउंडरने तोंडी उलगडून सांगितले म्हणजे भागले, असे होत नाही. मराठी प्रत मागा आणि ती घरी घेऊन या. पहिल्याच भेटीत सही करण्याची घाई कोणी करीत असेल, तर माझ्या मते तेवढे कारण नकाराला पुरेसे आहे.

मुलीलाही विचारावे लागेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे 7 ते 12 वर्षांच्या मुलाची तोंडी, आणि त्यापुढे 18 वर्षांपर्यंत लेखी अनुमती पालकांच्या संमतीबरोबर घ्यावी लागते. रोज रात्री थेंब तिच्या डोळ्यांत पडणार आहेत. मधेच नको वाटले तर कारण न देता बाहेर पडता येते, आणि त्यामुळे नेहमीची तपासणी किंवा चष्मा अडवता येत नाही. अभ्यासातील औषधाने इजा झाली तर उपचार मोफत करण्याची व भरपाई देण्याची जबाबदारी 2019 च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्या नियमांनी प्रायोजकावर टाकलेली आहे. भारतीय क्लिनिकल चाचणी नोंदणी 2007 पासून चालू असून 2009 च्या जूनपासून प्रत्येक चाचणीची नोंद तेथे सक्तीची आहे. तिचा क्रमांक मागून संकेतस्थळावर स्वतः पाहा. पैसे लागत नाहीत.

तीव्रता 0.01 टक्क्याहून अधिक असेल, साध्या थेंबांचा काळ मर्यादित असेल आणि मराठी कागद मिळाला, तर माझी मुलगी असती तर मी होकार दिला असता. अभ्यासात नियमित मोजमाप होते, जे एरवी आपल्याकडे होत नाही. जाता जाता, मुलीला दिवसाउजेडी अंगणात खेळू द्या. चीनमधील ग्वांगझू येथे शाळेत रोज 40 मिनिटे बाहेर काढल्याने नव्याने नंबर लागण्याचे प्रमाण कमी झाले होते. आधीच लागलेल्या नंबराला त्याचा उपयोग कमी, तरी तोटा काहीच नाही.

प्रश्न : आमच्या तालमीतील 22 वर्षांच्या पैलवानाचा गुडघा मैदानात लढताना पिरगळला. एमआरआयमध्ये गुडघ्याची गादी फाटल्याचे निघाले. एका दवाखान्यात 'रिसर्च' म्हणून स्टेम सेलचे, म्हणजे मूळ पेशींचे, इंजेक्शन सुचवले, पण पैसे आमच्याकडूनच घेणार आहेत. दुसरीकडे रक्तातून काढलेले पीआरपी, तिसरीकडे दुर्बिणीचे ऑपरेशन सांगितले. यात्रेचे मैदान जवळ आले आहे, तेव्हा स्टेरॉइड मारून उतरवता येईल असेही एकाने सांगितले. पोरगा म्हणतो, वस्ताद सांगतील ते. आम्ही काय सांगावे?
— एक वस्ताद, निपाणी परिसर

उत्तर : स्टेम सेलचे आधी निकालात काढू. रक्ताच्या काही ठरावीक आजारांखेरीज स्टेम सेलचा उपयोग आपल्या देशात मान्यताप्राप्त उपचार नाही. 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे तो केवळ मंजूर क्लिनिकल चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून त्याचे पैसे घेता येत नाहीत. संशोधन म्हणायचे आणि बिलही लावायचे, यातले एक काहीतरी खोटे आहे. नोंदणी क्रमांक मागा आणि नैतिकता समितीच्या मंजुरीचे पत्र मागा. बहुतेक वेळा संभाषण तेथेच संपते.

पीआरपी हे तितके वाईट प्रकरण नाही, पण त्याची ख्याती पुराव्यापेक्षा मोठी आहे. टाचेमागच्या कंडरेच्या जुनाट दुखण्यावर आणि गुडघ्याच्या झिजेवर खाऱ्या पाण्याच्या इंजेक्शनशी तुलना केली असता काही चांगल्या अभ्यासांत पीआरपी सरस ठरले नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने 2011 मध्ये ते खेळाडूंना बंदी असलेल्या औषधांच्या व उपायांच्या निषिद्ध यादीतून काढले, याचा अर्थ ते चालते एवढाच; गुण येतो असा त्याचा अर्थ नाही.

दुर्बिणीच्या ऑपरेशनची गोष्ट या विषयात सर्वांत बोधप्रद आहे. फिनलंडमध्ये 35 ते 65 वर्षांच्या 146 रुग्णांवर, ज्यांची गादी वयोमानाने फाटली होती, एक अभ्यास झाला. निम्म्यांची फाटलेली गादी काढली. उरलेल्यांच्या गुडघ्यात दुर्बीण घातली, हत्यारांचे आवाज केले, पण गादीला हात लावला नाही. वर्षानंतर दोन्ही गटांत सारखाच आराम होता. 2013 मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हा अस्थिशल्यचिकित्सक अस्वस्थ झाले. खोटे ऑपरेशन करणे नैतिक कसे, हा प्रश्न योग्यच आहे. पण त्या सर्व रुग्णांना तशी शक्यता आधी सांगून त्यांची लेखी संमती घेतली होती, आणि त्याच काळात जगभर हेच खरे ऑपरेशन उपयोग तपासल्याशिवाय लाखो लोकांवर होत होते, हेही विसरता येत नाही. मात्र हा निष्कर्ष तुमच्या पैलवानाला जसाच्या तसा लावू नका. बावीस वर्षांच्या मुलाची गादी झटक्याने फाटली असेल आणि गुडघा मध्येच अडकत असेल, तर ती शिवता येते का हे पाहणे आवश्यक असते, आणि उशीर केल्यास ती संधी जाऊ शकते.

स्टेरॉइड मारून मैदानात उतरवण्याला माझा साफ विरोध आहे. दुखणे दबले की फाटलेला भाग आणखी फाटतो. शिवाय 1 जानेवारी 2022 पासून स्पर्धेच्या काळात ग्लुकोकॉर्टिकॉइडचे, म्हणजे याच जातीच्या स्टेरॉइडचे, कोणत्याही मार्गाने दिलेले इंजेक्शन, सांध्यातले सुद्धा, निषिद्ध आहे. यात्रेच्या मैदानात तपासणी होणार नाही, पण हा मुलगा पुढे राज्य संघात जायचा असेल तर सवय येथूनच लागते. वजन उतरवण्यासाठी लघवीच्या गोळ्या घेणेही याच यादीत येते. हे तुम्ही विचारले नसले तरी तालमींत चालते म्हणून लिहिले.

'वस्ताद सांगतील ते' हे वाक्य मला सर्वांत काळजीचे वाटते. तालमीत तुमचा शब्द मोडला जात नाही, आणि कुस्तीसाठी ते ठीकही आहे. पण ज्याचा शब्द मोडता येत नाही त्याच्यासमोर दिलेली संमती मोकळी मानता येत नाही. डॉक्टरांशी त्याचे बोलणे होईल तेव्हा तुम्ही बाहेर बसा, आणि घरचे कोणी असेल तर त्याला हवे असल्यास आत जाऊ द्या. बाहेर आल्यावर त्याने वेगळा निर्णय सांगितला, तर तो निभावून न्या.

प्रश्न : मोठ्या शहरांतले लोक सोडून अशा चाचण्या आमच्या खेड्यांतच का होतात? आम्ही स्वस्त आहोत म्हणून का?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, चिकोडी

उत्तर : कधीकधी, होय. पण दोन्ही प्रकारची उदाहरणे आहेत, आणि एक तर आपल्याच जिल्ह्यातले आहे. विषय डोळ्यांचा किंवा खेळाचा नसला तरी ते येथे सांगणे भाग आहे.

2002 ते 2005 या काळात बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने अमेरिकी संशोधकांसह जिल्ह्याच्या ग्रामीण भागात 1,620 बाळंतिणींचा अभ्यास केला. घरी किंवा उपकेंद्रात प्रसूती झालेल्या निम्म्या स्त्रियांना नर्सबाईंनी बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. रक्त अंदाजाने न सांगता मापाच्या खुणा असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत गोळा करून मोजले गेले. अतिरक्तस्रावाचे प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आले. निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी हे औषध आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. त्या वेळी टीका झाली ती त्याच कामासाठी ऑक्सिटोसिन हे सिद्ध औषध असताना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, का, अशी. संशोधकांची बाजू अशी की ऑक्सिटोसिन थंड ठेवावे लागते, टोचावे लागते, आणि घरच्या बाळंतपणात ते मिळतच नव्हते. मला ही बाजू पटते, पण अर्धवट. जे मिळत नव्हते ते का मिळत नव्हते, हा प्रश्न संशोधकांचा नसला तरी शासनाचा होताच. तरीही त्या अभ्यासाचा प्रश्न खेड्यातल्या बाळंतिणीचा होता आणि उत्तरही तिच्याच उपयोगाचे होते. खेड्यात चाचणी करण्याला याहून चांगले समर्थन मला ठाऊक नाही.

याच्या उलट उदाहरण 2009-10 मधले. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा येथे मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्याचा प्रकल्प चालला. खम्ममच्या आश्रमशाळांतील अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. 2010 मध्ये प्रकल्प थांबवला गेला आणि 2013 मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. लस वाईट नव्हती, ती आज जगभर दिली जाते. पण गरीब मुलींच्या वतीने कोणीही सही करू शकतो हे गृहीत धरले गेले. आपल्या भागात क्रीडा वसतिगृहांत शेकडो मुले-मुली राहतात. त्यांच्यावर ताकदीच्या पावडरीचा, दृष्टीच्या व्यायामाचा वा आणखी कशाचा अभ्यास होणार असेल, तर प्रशिक्षक किंवा वॉर्डन यांची सही पालकांच्या सहीच्या जागी चालत नाही.

तुमच्यासारख्या पदवीधर होऊ घातलेल्या मुलीला एक सुचवतो. नैतिकता समितीत किमान सात सदस्य, त्यांतले निम्मे संस्थेबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचा, एक कायदा जाणणारा, एक स्त्री आणि एक सर्वसामान्य नागरिक असावा लागतो. ही सामान्य नागरिकाची खुर्ची भरताना संस्थांची दमछाक होते, आणि कित्येकदा तेथे बसलेली व्यक्ती डॉक्टरांच्या दबदब्यापुढे तोंड उघडत नाही. मराठी संमतीपत्र वाचून 'हे माझ्या आजीला समजणार नाही' असे सांगणारी व्यक्ती तेथे बसली, तर पुष्कळ काही सुधारेल.

प्रश्न : आमच्या शाळेच्या फुटबॉल संघातील चौदा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यावर चेंडू बसला. डॉक्टरांनी बुबुळापुढे रक्त साचल्याचे सांगून विश्रांती सांगितली. चौथ्या दिवशी अंतिम सामना आहे. मुलगा ठणठणीत आहे, पालकांची हरकत नाही, आणि ओळखीचे दुसरे डॉक्टर 'फिट' प्रमाणपत्र द्यायला तयार आहेत. खेळवावे का?
— एक शारीरिक शिक्षण शिक्षक, बेळगाव

उत्तर : खेळवू नका. साचलेले रक्त ओसरू लागले की डोळा बरा दिसतो, पण पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका साधारणपणे दुसऱ्या ते पाचव्या दिवसात सर्वाधिक असतो, आणि दुसरा रक्तस्राव पहिल्यापेक्षा मोठा होऊ शकतो. तुमचा सामना नेमका त्यातच येतो. दुखते म्हणून ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका. त्याने रक्तस्रावाला वाव मिळतो. डोके उंचावर ठेवून झोपणे आणि सांगितलेले थेंब एवढेच आता करायचे आहे. डोळ्यातला पाणी वाहून जाण्याचा कोन अशा माराने फाटलेला असू शकतो आणि त्यातून वर्षांनंतर काचबिंदू होऊ शकतो, म्हणून दरवर्षी दाब तपासणे पालकांच्या कानावर घाला. ही गोष्ट दवाखान्यात घाईघाईत सांगितली जाते आणि दाराबाहेर पडेपर्यंत विसरली जाते.

ज्या डॉक्टरांनी मुलाचा डोळा तपासला नाही त्यांनी दिलेला 'फिट'चा कागद हा वैद्यकीय दाखला नाही, ओळखीची मेहेरबानी आहे. संघाच्या वतीने बोलावलेल्या डॉक्टरांवर दोन बाजूंनी ओढ असते, एक चषकाची आणि एक रुग्णाची. तेथे रुग्णाची बाजू जिंकायला हवी याबद्दल वैद्यकीय आचारसंहितेत संदिग्धता नाही. आयोजकांना एवढेच कळवा की मुलगा खेळणार नाही. त्याला काय झाले हे पालकांच्या परवानगीशिवाय भित्तिपत्रकावर किंवा व्हॉट्सॲप गटावर टाकू नका.

प्रश्न : मी 41 वर्षांचा असून पिस्तूल नेमबाजीच्या राज्य स्पर्धांत भाग घेतो. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब चालू आहेत. मित्र म्हणतात, हे डोपिंगमध्ये येते. थेंबांनी कसले डोपिंग?
— एक वाचक, अथणी

उत्तर : मित्र बरोबर सांगतात. टिमोलॉल हे बीटा ब्लॉकर आहे. या गटातील औषधे हृदयाची गती आणि हाताची थरथर कमी करतात, म्हणून नेमबाजी आणि तिरंदाजीत ती स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही निषिद्ध आहेत. डोळ्यात घातलेल्या थेंबाचा अंश रक्तात उतरतो, त्यामुळे थेंबांना सूट नाही. काचबिंदूची सगळीच औषधे मात्र यात येत नाहीत. लॅटानोप्रोस्ट चालते. डॉरझोलामाइड आणि ब्रिंझोलामाइड हे थेंबांच्या रूपात चालतात, पण त्याच जातीच्या ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या चालत नाहीत. मिश्र थेंबांच्या बाटलीवर टिमोलॉल हे नाव बारीक अक्षरांत असते, ते नीट वाचा.

थेंब स्वतःहून बंद करू नका. काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही. आपल्या नेत्रतज्ज्ञांना खेळाविषयी सांगून औषध बदलता येते का ते विचारा. बदलता येत नसेल तर राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज तपासण्यांच्या कागदांसह करता येतो, आणि तो स्पर्धेच्या बराच आधी करावा. निषिद्ध यादी दर 1 जानेवारीला नव्याने लागू होते, तेव्हा डिसेंबरात एकदा औषधांची नावे पुन्हा ताडून पाहावीत.